एक सूत

डुलुथ, मिनेसोटा. बँकेचं नवं ऑफिस,
दुसरा मजला, खोली नंबर दोनशे चौदा.
ड्रॉइंगवर खोलीला नाव नाही, फक्त कपाट:
भिंतीत बसवायचं, अक्रोडी, सात फूट लांब,
आणि त्याच्या पोटात माझे दोन प्लग पॉइंट.

भिंत उघडी असते तेव्हा मी येतो.
कपाट येतं तीन महिन्यांनी, ट्रकमधून,
घोंगड्यांत गुंडाळून.
तोवर जे नाही त्याच्या आत वायर सोडायची.
हवेत टेप धरून मी बडबडतो:
इथे फळी येईल, इथे खण, ही पाठ.
रेनाटा, माझी शिकाऊ, म्हणते,
हा माणूस न आलेल्या पाहुण्याला पाट मांडतोय.

कपाट आलं. सोबत ऑरव्हिल नीमी,
सुतार, गुडघ्यांना पट्टे, कानावर पेन्सिल.
लाकूड तो कापणार, वायरला मी हात लावणार,
साइटवरची ही शीव कुणी ओलांडत नाही.
चिकटपट्टी लावून, वरचा पापुद्रा उडू नये म्हणून
श्वास धरून, त्याने भोक पाडलं.
माझा बॉक्स एक सूत आत राहिला होता.

प्लास्टर असेल तर पाव इंच माफ असतो.
लाकडाला काही माफ नाही. लाकूड पेटतं.
मिरजेच्या आयटीआयत सर पट्टी आपटून सांगायचे,
आठ सुतांचा इंच, विसराल तर जळाल.
नीमीला सूत शब्द ठाऊक नाही,
पण अंगठ्याचं नख कडेवर फिरवून
तो तेवढंच अंतर बोलला.
मी जोड-कडी आणली, बॉक्स पातळीला आला.
आमचं जुळायला एवढं पुरलं.

मग दाराची पाटी आली, खोक्यातून, कागदात:
मातांची खोली.
एक पॉइंट छोट्या फ्रिजचा, हे कळत होतं.
दुसरा खालच्या दारामागे, जमिनीपासून नऊ इंच,
तो कशाला, हे मी विचारलंच नव्हतं.
ड्रॉइंगमध्ये होता, केला.

रेनाटा उकिडवी बसली, हात आत घातला,
तशीच बसून राहिली.
"बाळंतिणीने इथे वाकायचं? रोज तीनदा?"
तिची मुलगी सात महिन्यांची.
जेवणाच्या सुट्टीत ती ट्रकमध्ये जाऊन बसते,
इंजिन चालू, काचा धुक्याने भरलेल्या.
मला वाटायचं, फोनवर बोलते.
हिवाळाभर मला असंच वाटत होतं.
सिगारेट-लायटरच्या भोकात पंपाची वायर,
बाहेर उणे एकवीस, तळ्यावरून वारा,
आणि मी तिला म्हणायचो, दोन मिनिटं उशीर झाला.

आर्किटेक्टला पत्र गेलं.
अकराव्या दिवशी उत्तर: ओट्याच्या वर घ्या.
खर्च कुणाचा, यावर अजून पत्रं चालू आहेत.

नीमीने नवं भोक पाडलं, खुर्चीच्या उजव्या हाताला.
जुना बॉक्स बुजवता येत नाही,
जोड असतो तिथे हात पोचायलाच हवा, नियम आहे.
त्यावर कोरं झाकण लावलं,
चारी स्क्रूंच्या फटी उभ्या.
कुणी बघणार नाही. दार बंद असणार.

लाइन आली त्या दिवशी टेस्टर खुपसला:
दोन पिवळे दिवे, तिसरा गप्प. बरोबर.
रेनाटाने पिशवी आत नेली,
दार लोटून घेतलं.
मी बाहेर उलट्या बादलीवर डबा उघडला.
आतून बारीक घरघर सुरू झाली.
शेजारच्या खोलीतली करवत थांबली.
नीमी चौकटीत आला, कानावरची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
पुढचं भोक, म्हणाला, जेवण झाल्यावर.